सिमोन बाइल्स आणि दहा अंशांचा कल

अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सच्या उड्यांची चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरू लागली की सोबत एक ओळ हमखास येते: हिने गुरुत्वाकर्षणालाही हरवलं! गुरुत्वाकर्षणाला आजवर कुणीच हरवलेलं नाही. पाय जमिनीवरून सुटले की तिचं वस्तुमानकेंद्र शाळेत शिकलेला अन्वस्त आखतं, आणि तो बदलणं तिच्याही हातात उरत नाही. वस्तुमानकेंद्र सव्वा मीटर वर गेलं तर चढायला अर्धा सेकंद, उतरायला अर्धा सेकंद. सगळा कारभार त्या एका सेकंदातच उरकायचा असतो. या मुलीचं खरं कसब गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात नाही. ते दहा-बारा अंशांच्या एका कलण्यात आहे आणि ते फॉरवर्ड करणाऱ्यांना बहुधा दिसतच नाही.

पदकांचा हिशेब आधी उरकून घेऊ. जन्म १४ मार्च १९९७, टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ वाढली. २०१३ साली अँटवर्पला पहिल्यांदा ऑल-अराउंड, म्हणजे सगळ्या साधनांचे गुण मिळून, जगज्जेती झाली. पुढे २०१४, २०१५, २०१८, २०१९ आणि २०२३. जागतिक स्पर्धांतली ३० पदकं, त्यांतली २३ सुवर्ण. रिओ, टोकियो आणि पॅरिस मिळून ऑलिंपिकची ११, त्यांत ७ सुवर्ण. शिवाय पाच कसरती तिच्या नावाने नियमावलीत नोंदल्या गेल्या आहेत: फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरती) दोन, व्हॉल्टवर (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) दोन, बीमवर (अरुंद उंच पट्टी) एक. या पाचांकडे नीट पाहिलं तर त्यांत दोनच घटक वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेले दिसतात. एक कोलांटी, म्हणजे डावी-उजवीकडे जाणाऱ्या आडव्या अक्षाभोवतीचं फिरणं. दुसरी गिरकी, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतच्या उभ्या अक्षाभोवतीचं.

कोलांटीचं गणित सोपं. जमिनीकडून मिळणारा धक्का वस्तुमानकेंद्राच्या थोडा बाजूने गेला की शरीराला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, मिळतो. हवेत त्यात भर घालता येत नाही, त्यातला काही खर्चही करता येत नाही. खेळाडूच्या हाती उरतं ते जडत्व आघूर्ण, म्हणजे शरीर फिरण्याला किती विरोध करतं ते, बदलणं. ताठ शरीर, ज्याला लेआउट म्हणतात, सगळ्यांत संथ फिरतं. गुडघे छातीशी घेतले, म्हणजे टक केलं, की जडत्व आघूर्ण साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि वेग तिप्पट होतो. पाय सरळ ठेवून कमरेत मिटलं की तो पाईक, या दोन्हींच्या मधला.

इथे तिची १४२ सेंटिमीटर उंची कामाला येते. एकाच ठेवणीची दोन शरीरं घेतली तर जडत्व आघूर्ण उंचीच्या पाचव्या घाताने वाढतं. १७० सेंटिमीटरच्या बाईच्या तुलनेत बाइल्सचं आघूर्ण त्यामुळे जेमतेम ४० टक्के भरतं. अर्थात लहान शरीराला मिळणारा कोनीय संवेगही कमी असतो. दोन्ही जमेस धरले तर त्याच वेगाने सुटणारं लहान शरीर सुमारे १.२ पट भरभर फिरतं. फायदा खरा, पण पाच कसरती नावावर लागतील एवढा नाही. बुटक्या मुली जगात पुष्कळ आहेत.

आता गिरकी. बहुतेकांचा समज असा की गिरकी जमिनीवरूनच सुरू करावी लागते, पाय सुटल्यावर काही करता येत नाही. थोडी गिरकी जमिनीवरून घेतली जाते हे खरं, पण मोठा वाटा हवेत तयार होतो आणि तोही संवेगाचा नियम न मोडता. तो कसा, ते सावकाश पाहू.

समजा बाइल्स मागे कोलांटी घेत ताठ शरीराने हवेत आहे, दोन्ही हात बाजूला पसरलेले. आपण तिच्या पाठीमागून पाहतो आहोत. ती डावा हात झपकन डोक्यावर नेते आणि त्याच क्षणी उजवा खाली मांडीशी. आपल्याला दोन्ही हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलेले दिसतील. पण पोटातून पाठीकडे जाणाऱ्या अक्षाभोवती तिच्याकडे संवेग शून्य होता आणि तो शून्यच राहायला हवा. म्हणून उरलेलं सगळं शरीर उलट दिशेने थोडं कलतं आणि डोकं डावीकडे झुकतं. किती? दहा अंशांच्या आसपास. टीव्हीवर पाहताना हे लक्षातही येत नाही.

गंमत पुढे आहे. कोलांटीचा कोनीय संवेग अवकाशात आडवाच राहतो, शरीर कललं म्हणून तो कलत नाही. पण कललेल्या शरीराच्या दृष्टीने पाहिलं तर आता त्या संवेगाचा छोटा हिस्सा त्याच्या उभ्या अक्षावर पडतो. दहा अंशांची साइन ०.१७, म्हणजे सुमारे १७ टक्के. फार नाही. पण ताठ, हात आवळलेल्या शरीराचं उभ्या अक्षाभोवतीचं जडत्व आघूर्ण कोलांटीच्या अक्षाच्या तुलनेत बाराव्या हिश्श्याइतकंच धरता येईल. बारीक अक्षावर तेवढासा संवेगही शरीराला गरगर फिरवतो. हिशेब केला तर कल पाच अंशांचा असल्यास दर कोलांटीमागे साधारण एक गिरकी, दहा अंशांचा असल्यास जवळजवळ दोन. संवेग नवा आला नाही. होता तोच दोन अक्षांत वाटला गेला.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. शरीर टकमध्ये असेल तर दोन्ही अक्षांच्या आघूर्णांतली तफावत कमी होते आणि तेवढ्याच कलातून गिरकी कमी मिळते. म्हणूनच २०१९ साली स्टुटगार्टला तिने फ्लोअरवर केलेली, टकमधल्या दोन कोलांट्यांत तीन गिरक्यांची कसरत एवढी भारी मानली जाते. एका सेकंदाच्या उड्डाणात ७२० अंश एका अक्षावर आणि १०८० अंश दुसऱ्यावर. नियमावलीत कसरतीचं काठिण्य अक्षरांनी ठरतं; हिला ‘J’ हे अक्षर मिळालं, म्हणजे पूर्ण १.० गुण.

पण गिरकी सुरू करण्यापेक्षा थांबवणं अवघड. थांबवायची तर कल काढावा लागतो, आणि तो हातांनीच काढायचा. आता हे पाहा: डावा हात वर, उजवा खाली या हालचालीने कल आला होता. अर्धी गिरकी झाली की शरीराची डावी बाजू अवकाशात उजवीकडे गेलेली असते, म्हणून तीच हालचाल पुन्हा केली तर कल जातो. पूर्ण गिरकीला तीच केली तर कल वाढतो. तिथे तो काढायला हात उलटे न्यावे लागतात. आणि पाव गिरकीवर केली तर कलाला काहीच होत नाही, फक्त कोलांटीचा वेग बदलतो. एकाच हालचालीचे तीन वेगळे परिणाम, आणि कोणता घडेल ते त्या क्षणी शरीर गिरकीत नेमकं कुठे आहे यावर ठरतं.

व्हॉल्टवरच्या अमानार उडीत हातांनी टेबल सोडल्यापासून पाय टेकेपर्यंत सुमारे दीड कोलांटी आणि अडीच गिरक्या असतात, म्हणजे गिरकीचे ९०० अंश सेकंदाहून कमी वेळात. ताशी किलोमीटरसारखं मोजायचं तर सेकंदाला हजाराच्या वर अंश. या वेगाने आठवा हिस्सा गिरकी ०.०४ सेकंदात होते. डोळ्यांनी पाहून स्नायूंना हुकूम पोचायला माणसाला ०.२ सेकंद तरी लागतात. तेवढ्यात अर्ध्याहून जास्त गिरकी होऊन गेलेली असते. म्हणजे पाहून दुरुस्ती करत राहणं शक्यच नाही. शरीर आत्ता कुठे असेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो, हात त्या अंदाजावर चालतात, आणि मध्ये दोन-तीनदा नजरेला सापडणारी जमीन त्या अंदाजावर फक्त शिक्का मारते.

२७ जुलै २०२१ रोजी टोकियोत सांघिक अंतिम फेरीत बाइल्स अमानारसाठी धावली. हवेत दीड गिरकीलाच शरीर उघडलं आणि ती खोल बैठकीत कशीबशी उतरली. अडीच गिरक्यांच्या उडीची काठिण्यपातळी (उडी किती अवघड यासाठीचे गुण) ५.८ होती, दीडची ५.०. गुण मिळाले १३.७६६. तिने बाकीच्या साधनांवरून माघार घेतली.

तिथे ती नशीबवान ठरली, असं म्हणायला हरकत नाही. दीड काय किंवा अडीच काय, दोन्हीत उतरताना तोंड टेबलापासून लांब, एकाच दिशेला असतं. त्यामुळे पाय तरी सरळ पडले. पावणेदोन गिरक्यांवर उघडली असती तर पाय गादीत रुतलेले आणि वरचं धड अजून फिरत असलेलं, अशी वेळ आली असती. गुडघ्यातले अस्थिबंध फाटायचा हाच राजमार्ग आहे.

जिम्नॅस्ट याला ट्विस्टीज म्हणतात. अंतर्कर्णात दोन्हीकडे तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी जवळजवळ काटकोनात. डोकं फिरलं की आतला द्रव मागे रेंगाळतो, एक मऊ पडदा वाकतो आणि केसपेशी संदेश पाठवतात. पण हा संदेश डोक्याच्या फिरण्याचा असतो, धडाचा नाही. मान किती वळली ते स्नायूंकडून कळावं लागतं. त्यात दोन अक्षांवर एकदम फिरताना तिन्ही नलिकांचे संदेश एकमेकांत मिसळतात. ते उलगडून अंदाज बांधण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो, आणि हजारो उड्यांनी घडवलेला तो अंदाज विस्कटला की गिरकीत आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. त्या दिवसांत बाइल्सने मऊ गादीवर बार्सवरून (दोन आडव्या दांड्यांच्या साधनावरून) उतरण्याचा सराव करून पाहिला, तेव्हाही गिरकी मध्येच तुटत होती.

त्यावर लोक काय काय बोलले! कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पोरगी मनाने कच्ची. नजरेचं सोडून द्या, तिच्यात मोजण्यासारखं काही नाही. पण ‘मन घट्ट करून उडी मारायची’ हा सल्ला जास्त घातक आहे, कारण तो शहाणपणासारखा ऐकू येतो. ०.२ सेकंदांचा प्रतिक्रियाकाल जिद्दीने ०.०४ वर येत नाही. यावर इलाज एकच: खड्ड्यात, मऊ गादीवर, आधी गिरकीशिवाय, मग अर्धी, मग एक, असं पुन्हा रचत जायचं. त्याला आठवडे लागतात, महिनेही.

आठवड्याभरात, ३ ऑगस्टला, ती बीमवर परतली ती म्हणूनच विचार करण्यासारखी. १० सेंटिमीटर रुंदीच्या, १२५ सेंटिमीटर उंच बीमवरून उतरताना तिने गिरकी असलेली कसरत काढून टाकली आणि पाईकमधल्या दोन कोलांट्या घेतल्या. कोलांटीचा अक्ष शाबूत होता, गोंधळ गिरकीच्या अक्षावर होता. १४.००० गुण आणि कांस्य. जो अक्ष बिघडलाय तो वापरायचाच नाही, इतका साधा आणि अचूक निर्णय.

पुढे अँटवर्पला, २०२३ साली, तिने तोच धागा टोकाला नेला: युर्चेन्को डबल पाईक. राउंडऑफ (हातांवरून अर्धं वळत उलटणं) करून स्प्रिंगबोर्डवर, मागे उलटी होऊन हात टेबलावर, तिथून पाईकमध्ये दोन कोलांट्या. गिरकी शून्य. हात सुटल्यापासून सुमारे अडीच फेऱ्या. तेव्हाची काठिण्यपातळी ६.४. गिरकी नाही म्हणून ही सोपी, असं कुणी समजू नये. अमानार फसली तर गिरकी कमी करून उतरता येतं. इथे मध्येच शरीर उघडलं तर डोकं खाली असतं. फेरी कमी पडते आहे असं वाटलं तर गुडघे वाकवून टककडे झुकणं एवढीच पळवाट. तिथल्या पात्रता फेरीत तिचे प्रशिक्षक लॉरां लँडी गरज पडली तर सावरायला गादीशेजारी उभे राहिले. त्याबद्दल ०.५ गुण कापले गेले, तरी १५.२६६ आले. अर्धा गुण देऊन विकत घेतलेली मानेची सुरक्षितता. सौदा स्वस्तच. युर्चेन्को उड्यांत मान मोडण्याचा धोका काल्पनिक नाही. १९८८ साली जपानमध्ये अमेरिकेची ज्युलिसा गोमेझ अशाच उडीत बोर्डवरून पाय चुकल्याने जायबंदी झाली आणि १९९१ साली तिचा मृत्यू झाला. बोर्डाभोवती दिसणारी यू आकाराची गादी त्यानंतर सक्तीची झाली.

आपल्याकडच्या वाचकांना इथे दीपा कर्माकर आठवेल, आणि ती आठवायलाच हवी. रिओच्या २०१६ च्या व्हॉल्ट अंतिम फेरीत बाइल्स १५.९६६ घेऊन पहिली होती आणि दीपा १५.०६६ घेऊन चौथी, कांस्य ०.१५० ने हुकलं. दीपाची प्रोदुनोव्हा हीदेखील गिरकीविना दोन कोलांट्यांची, पण पुढच्या दिशेने. मागे कोलांटी घेताना शेवटच्या टप्प्यात गादी नजरेत येते आणि पाय कधी सोडायचे ते ठरवता येतं. पुढच्या कोलांटीत ती जवळजवळ दिसतच नाही. म्हणून प्रोदुनोव्हात खेळाडू इतक्यांदा बुडावर आपटतात.

नियमावलीला मात्र धोक्याची किंमत कशी लावायची हे अजून नीट जमलेलं नाही. २०१९ साली बीमवरून उतरताना बाइल्सने दोन कोलांट्यांत दोन गिरक्या घेतल्या. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने त्या कसरतीला ‘H’ दिलं, म्हणजे ०.८, आणि खेळाडूंच्या सुरक्षिततेचं कारण पुढे केलं. बाइल्सने जाहीर नाराजी व्यक्त केली. इतरांनी हे करू नये म्हणून जिला जमतं तिचे गुण कमी ठेवायचे, हे तर्काला धरून नाही. धोका कमी करायचा असेल तर गाद्या आणि बोर्ड बदलावेत, आघूर्णं बदलत नाहीत.

आणि शेवटी ५ ऑगस्ट २०२४ ची पॅरिसमधली फ्लोअर अंतिम फेरी. वर जाण्यासाठी धावण्याचा आडवा वेग टेकऑफला उभ्या वेगात वळवावा लागतो. सगळा वळत नाही, उरलेला पुढे ढकलतो. फ्लोअर १२ मीटर बाय १२, म्हणजे कर्णावर जेमतेम सतरा मीटर, आणि त्यातच धाव, राउंडऑफ, फ्लिकफ्लॅक (मागे हातांवरून उलटणं), उड्डाण आणि उतरणं बसवायचं. बाइल्सकडे त्या दिवशी वेग उरला. दोनदा दोन्ही पाय रेषेबाहेर पडले. दर वेळी ०.३ गुणांची कपात, एकूण ०.६. तिचे गुण १४.१३३, ब्राझीलच्या रेबेका आंद्रादेचे १४.१६६.