रॉक गीतासाठी विद्युत गिटार आणि अ‍ॅम्पची टोनजुळणी

एखाद्या रॉक गीतातील गिटारचा भाग ड्रम, बेस गिटार आणि गायन यांच्या सोबतीत नेमका ऐकू यावा, यासाठी वादनाचा आघात, गिटारवरील नॉब, अ‍ॅम्प्लिफायरचे (अ‍ॅम्पचे) गेन (संकेत किती वाढवायचा ते ठरवणारा नियंत्रक) व टोन-नियंत्रक आणि स्पीकर यांची परस्परांशी सांगड घालण्याच्या क्रियेला टोनजुळणी म्हणतात. एकट्याने वाजवताना भरदार वाटणारा टोन (आवाजाचा पोत) वाद्यवृंदात हमखास हरवतो. म्हणून ही जुळणी गीत चालू असतानाच, सर्व वाद्यांसह करावी लागते.

टोनचा उगम तारेजवळ होतो. पिकअप म्हणजे तारेचे कंपन टिपणारा भाग; त्यातील चुंबकांभोवती अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि पोलादी तारेच्या कंपनाने त्यांत क्षीण विद्युत् दाब निर्माण होतो. एका वेटोळ्याचा पिकअप स्वच्छ व टोकदार आवाज देतो, पण विजेच्या जोडणीतील गुणगुणही पकडतो. ती घालवण्यासाठी उलट जोडलेल्या दोन वेटोळ्यांचा हंबकर वापरतात. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला. हंबकरचा आवाज अधिक जाड असतो. ब्रिजजवळच्या (तारा खोडावर टेकतात त्या पट्टीजवळच्या) पिकअपमध्ये उच्च अधिस्वरांचे (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांचे) प्रमाण जास्त असल्याने रिफसाठी (गीतात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरावलीसाठी) बहुधा तोच निवडला जातो, तर नेकजवळचा (गिटारच्या मानेजवळचा) पिकअप गोलसर आवाजाच्या सोलोला शोभतो. गिटारचा व्हॉल्यूम नॉब हे सर्वांत दुर्लक्षित साधन आहे: अ‍ॅम्प विरूपणाच्या (आवाज फाटून करकरीत होण्याच्या) सीमेवर ठेवून हा नॉब १० वरून ६-७ वर आणला, तर कडव्यासाठी स्वच्छ आणि ध्रुवपदासाठी करकरीत असे दोन्ही टोन अ‍ॅम्पला हात न लावता मिळतात.

गेन वाढवला की व्हॅक्यूम ट्यूबला झेपेल त्यापेक्षा मोठा संकेत मिळतो, तरंगाची शिखरे चपटी होतात आणि मूळ स्वरात नसलेले अधिस्वर तयार होतात. हेच विरूपण रॉकचा प्राण आहे. ‘द किंक्स’ या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ च्या सुमारास छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागदी शंकू ब्लेडने चिरून तसा खरखरीत आवाज मिळवला होता. मात्र विरूपणात एकत्र वाजणारे स्वर परस्परांत मिसळून बेरीज-वजाबाकीचे नवे स्वरही उत्पन्न करतात. मूळ स्वर आणि पंचम यांच्या कंप्रता २:३ अशा प्रमाणात असल्यामुळे त्यांच्या वजाबाकीचा स्वर मूळ स्वराच्या नेमका एक सप्तक खाली पडतो, आणि म्हणून पॉवर कॉर्ड (फक्त मूळ स्वर व पंचम यांचा मेळ) गेनमध्ये भारदस्त वाटतो. तीव्र तृतीय स्वराचे (मेजर थर्ड, म्हणजे शुद्ध गंधाराचे) तसे होत नाही. समान विभागणीच्या स्वरसप्तकात तो शुद्ध प्रमाणापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, त्यामुळे नवे स्वर बेसूर पडून मूळ, तृतीय व पंचम स्वरांचा पूर्ण मेजर कॉर्ड गढूळ होतो. गीतात असे कॉर्ड असतील तर गेन कमी करण्याला पर्याय नाही. एरवीही नवशिक्यांचा गेन जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा जास्त असतो. अतिगेनमुळे लहान-मोठ्या आघातांतील फरक पुसला जातो आणि रिफची लय बोथट होते.

यानंतर येतात बेस, मिड आणि ट्रेबल, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांचे नियंत्रक. फेंडर व मार्शल घराण्यातील बहुतेक अ‍ॅम्पमध्ये हे तिन्ही नियंत्रक एकाच निष्क्रिय (संकेत स्वतः न वाढवणाऱ्या) मंडलात गुंफलेले असतात. एक फिरवला की दुसऱ्याचा परिणाम बदलतो, आणि सर्व नॉब मध्यावर ठेवले तरी मधल्या पट्ट्यात खळगा राहतो. गिटारचे गीतातील खरे स्थान मात्र याच मधल्या पट्ट्यात, ढोबळमानाने ४०० ते २,००० हर्ट्‌झ दरम्यान असते. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्‌झला आणि बेस गिटारची सुमारे ४१ हर्ट्‌झला जुळवलेली असते. बेस गिटारचे अधिस्वर आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) यांनी खालचा भाग आधीच व्यापलेला असताना गिटारचा बेस वाढवल्यास गर्दीच होते. त्यामुळे बेस थोडा उतरवून मिड चढवणे हा बहुतेक वेळा योग्य मार्ग ठरतो, जरी एकट्याने ऐकताना तो टोन नाकातला वाटला तरी. आवाजाची पातळीही फसवते. कमी आवाजात कानाला खालचे व वरचे स्वर तुलनेने क्षीण ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मांडले. घरी हळू आवाजात जुळवलेला टोन मंचावर गडगडाटी आणि कर्कश वाटण्यामागे हे एक मोठे कारण आहे. अखेरची जुळणी म्हणूनच प्रत्यक्ष वादनाच्या आवाजातच करतात.

गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्‌झच्या वरचे स्वर झपाट्याने गाळतो, आणि विरूपणाची बोचरी किरकिर त्यानेच आटोक्यात राहते. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन शंकूच्या मध्यासमोर धरल्यास आवाज झगझगीत येतो. कडेकडे काही सेंटिमीटर सरकवताच तो मऊ होतो. नॉबला हात लावण्याआधी मायक्रोफोन हलवून पाहणे अधिक फलदायी असते. डिले (आवाजाची उशिराने पुनरावृत्ती) व रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा) हे परिणाम सहसा विरूपणानंतर जोडतात, अन्यथा प्रतिध्वनीही विरूपित होऊन शब्दांवर चढतात. तोच रिफ दोनदा वाजवून डाव्या-उजव्या बाजूंना मांडायचा असेल, तर प्रत्येक मुद्रणाचा गेन एकट्या गिटारपेक्षा कमी ठेवतात, कारण दोन्ही थर एकत्र आल्यावर विरूपणाचा दाटपणा आपोआप वाढतो.