सांगली-साताऱ्यातून पोलीस भरतीचा अर्ज: पात्रता, ग्राउंड आणि कागदपत्रं

पोलीस भरतीत 'सांगली शहर पोलीस' किंवा 'सातारा शहर पोलीस' असा वेगळा घटक, म्हणजे स्वतःची भरती करणारं पोलीस दल, नाही. शहर पोलीस ठाणं आहे, पण ते जिल्हा पोलीस दलातलंच. तुम्ही भरती होता जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या आस्थापनेवर. पुढे नेमणूक सांगली शहरला होईल, जतला होईल किंवा कोकरूडला. फक्त शहराच्या पोलीस दलात जायचं असेल तर आयुक्तालय निवडावं लागतं. आपल्याला जवळची आयुक्तालयं म्हणजे पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि सोलापूर शहर.

ही निवड अर्ज भरतानाच करायची असते, कारण एका पदासाठी एकाच घटकात अर्ज चालतो. पोलीस शिपाई, चालक, राज्य राखीव दल, बँडस्मन, कारागृह शिपाई ही पदं वेगळी धरली जातात, त्यामुळे त्यांचे अर्ज वेगवेगळे भरता येतात. पण शिपाई पदासाठी सांगलीतही आणि पुण्यातही, असं जमत नाही. 2024 च्या भरतीत राज्यभरात 17 हजारांवर जागा होत्या आणि एकाच पदाचे अनेक अर्ज भरलेल्यांना नंतर हमीपत्रं देत बसावं लागलं. घटक निवडताना एकूण जागांच्या आकड्याला भुलू नका. जाहिरातीच्या तक्त्यात आपल्या प्रवर्गाला, आणि त्यातही महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, माजी सैनिक अशा आपल्या रकान्यात किती जागा आहेत, तेवढंच बघायचं. शंभर जागांच्या घटकात तुमच्या रकान्यात शून्य असू शकतं.

शिपाई पदाला बारावी पास पुरते. वय 18 ते 28, मागासवर्गीयांना 33 पर्यंत, प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्तांना 45 पर्यंत. उंची मुलांना किमान 165 सेंटिमीटर, मुलींना 155. मुलांची छाती न फुगवता 79 आणि फुगवून किमान 5 सेंटिमीटर जास्त. राखीव दलाला उंची 168 लागते. थेट फौजदार (पोलीस उपनिरीक्षक) व्हायचं असेल तर वाट निराळी आहे: पदवी आणि एमपीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा. त्याचा या अर्जाशी संबंध नाही.

ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, 50 गुणांचं. मुलांना 1600 मीटर धावणं 20 गुण, 100 मीटर 15 आणि गोळाफेक 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर, बाकी विभागणी तीच. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. पैकीच्या पैकी हवे असतील तर मुलांनी 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत आणि मुलींनी 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत मारावं लागतं. निम्मे गुण मिळवले की ग्राउंड पास, पण तेवढ्यावर लेखीला बोलावणं येतंच असं नाही. प्रवर्गातल्या एका जागेमागे दहा जण या हिशेबाने यादी लागते, त्यामुळे कट ऑफ बराच वर जातो.

लेखी 100 गुणांची, दीड तासाची: अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. 40 टक्के पाहिजेतच. एनसीसीचं सी प्रमाणपत्र असेल तर लेखीत जादा गुण मिळतात.

आता कागदपत्रं. पहाटे चारला उठून वर्ष-वर्ष पळणारी पोरं गोळ्याने कमी आणि दाखल्याने जास्त मार खातात, असं माझं स्पष्ट मत आहे. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार आणि फोटो हे सगळ्यांनाच लागतं. दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीचा असावा लागतो. 'पडताळणीपर्यंत काढतो' हे चालत नाही. जाहिरात आली की सेतूवर झुंबड उडते, म्हणून ती कामं आधीच उरकावीत.

सगळ्यात जास्त घोळ नॉन क्रिमीलेअरचा, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याचा. तो जाहिरातीत सांगितलेल्या आर्थिक वर्षासाठी वैध लागतो आणि त्यावर लिहिलेली मुदत संपली की जुना दाखला कामाचा राहत नाही. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) तसंच. मराठा उमेदवारांनी अर्जाआधीच ठरवावं: एसईबीसीतून (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) भरायचं, की कुणबी नोंद सापडून दाखला हातात असेल तर ओबीसीतून. 2024 च्या कायद्याने एसईबीसी लागू झाल्यावर त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला जोडण्यात अर्थ नाही. खुल्या, एससी आणि एसटी प्रवर्गातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी नॉन क्रिमीलेअरची अट 2023 पासून उरलेली नाही. लग्न झालेल्या मुलींचे जातीचे दाखले माहेरच्या नावाचे असतात आणि आधार सासरच्या. तिथे विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जवळ ठेवा.

आपल्याकडचा खास विषय म्हणजे प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्त. कोयना, धोम, उरमोडी, वारणा या धरणांत जमिनी गेलेली कितीतरी घरं या दोन जिल्ह्यांत आहेत. प्रकल्पग्रस्तांना 5 टक्के आणि भूकंपग्रस्तांना 2 टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधलंच आरक्षण, आहे. पण दाखला बहुतेकदा आजोबांच्या किंवा चुलत्यांच्या नावावर असतो. तो अर्जदाराच्या नावावर करून घ्यायचं काम जिल्हा पुनर्वसन कार्यालयात होतं आणि त्याला भावकीची संमती लागते. ते एका आठवड्यात होत नाही, आणि भावकी कशी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. एका दाखल्यावर घरातल्या एकालाच नोकरी मिळते, हेही आधी बसून बोलून घ्या.

अर्ज ऑनलाइनच. जाहिरातीत दिलेल्या संकेतस्थळावर नोंदणी करायची, दाखल्यांचे क्रमांक आणि तारखा कागद समोर ठेवून भरायच्या. शुल्क खुल्यांना 450, मागासवर्गीयांना 350 रुपये. नाव दहावीच्या गुणपत्रकावर आहे तसंच टाका. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. प्रवेशपत्राच्या सूचना तिथेच येतात. भरती मैदानावर आणि कागदावर होते, त्यामुळे 'आतून काम करून देतो' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

निवड यादीत नाव आलं की वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी असते. चारित्र्य पडताळणीसाठी भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात गुन्ह्याबद्दल स्पष्ट प्रश्न असतो. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवरून नाव गेलं असेल, भावकीच्या बांधावरून तक्रार झाली असेल, केस मिटली असेल, तरी तिथे 'नाही' लिहू नका. किरकोळ गुन्ह्याचा विचार होऊ शकतो, पण लपवलेला सापडला तर प्रशिक्षण सुरू असतानाही घरी पाठवतात. गुन्हा लिहा आणि न्यायालयाच्या निकालाची प्रत सोबत जोडा.