ट्रीटमेंट आणि कोटिंग: नवसागर कुठला, कथील कुठलं?

बुटीबोरीला प्लास्टिकची फिल्म छापणाऱ्या एका युनिटमध्ये मी चार वर्षं काढली. सकाळी पहिलं काम म्हणजे रोलवर डाइन पेननं, म्हणजे फिल्म शाई धरेल का ते दाखवणाऱ्या पेननं, रेघ ओढायची. रेघ सलग राहिली तर रोल मशीनवर चढवायचा, फुटून थेंब झाले तर परत पाठवायचा. एकदा घाईत कुणीतरी रेघ न ओढताच रोल चढवला. संध्याकाळी पाकिटांवर सेलोटेप चिकटवून ओढली, तर अख्खी शाई टेपबरोबर हातात आली.

हे आठवायचं कारण माझी मामेबहीण. ती नर्स आहे. परवा एका पॅकेटवरचं ‘सरफेस ट्रीटेड’ वाचून तिनं विचारलं, “दादा, म्हणजे कोटिंगच ना?”

नाही. आणि हा घोळ फक्त तिचाच नाही. माल विकायला येणारेही दोन्ही शब्द एका दमात बोलून जातात.

कल्हई होताना पाहिली असेल, तर निम्मं काम झालं. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसानं फिरवायचा. भांडं चकाकायचं ते कथलानं, पण नवसागराशिवाय ते कथील पितळेला धरलंच नसतं. ट्रीटमेंट म्हणजे नवसागर, कोटिंग म्हणजे कथील. एका ठिकाणी मात्र ही तुलना उलटी होते. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो. प्लास्टिकच्या बाबतीत आपण ऑक्सिजन मुद्दाम बसवतो.

कारण पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन ही प्लास्टिकमधली मंडळी मुळातच कुणाला जवळ करत नाहीत. त्यांची पृष्ठऊर्जा, म्हणजे वरच्या पदार्थाला धरण्याची ओढ, ३० डाइनच्या आसपास, तर पाण्याचा पृष्ठताण ७२. म्हणून डब्याच्या झाकणावर पाणी पसरत नाही, मणी होऊन घरंगळतं. यावरची ट्रीटमेंट म्हणजे कोरोना (विषाणू नव्हे, विजेची प्रक्रिया) किंवा प्लाझ्मा. त्यात विजेच्या जोरावर हवेतले किंवा ठरावीक वायूचे रेणू फोडतात आणि ते प्लास्टिकच्या पृष्ठावर आदळवतात. तिथले काही बंध तुटतात आणि हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्झिल असे ऑक्सिजनवाले गट जोडले जातात. मग पाणी पसरतं, शाई धरते. हा बदल फक्त वरच्या काही नॅनोमीटरपुरता असतो. केसाची जाडी साधारण ८०,००० नॅनोमीटर धरली, तर तो किती उथळ ते बघा. वर नवा थर काहीच येत नाही. प्लास्टिक तेच, फक्त त्याच्या वरच्या कातडीचा स्वभाव बदललेला.

कोटिंगमध्ये मात्र दुसरा पदार्थ खरोखर येऊन बसतो. वैद्यकीय वापरासाठी ज्या नैसर्गिक पदार्थांवर काम चालतं, त्यात कायटोसान, अल्जिनेट, जिलेटिन, कोलॅजन, हायल्युरोनिक आम्ल ही नावं पुन्हा पुन्हा येतात. कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचातल्या कायटिनपासून बनतं. ते विरल ॲसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरच्या भाऊबंदात, विरघळतं आणि त्यावर धनभार येतो. जिवाणूंच्या बाहेरच्या अंगावर ऋणभार असतो, त्यामुळे ते या लेपाला चिकटतात आणि त्यांचं आवरण बिघडतं. प्लाझ्मानं बसवलेले कार्बोक्झिल गटही ऋणभाराचे. म्हणजे ज्या ओढीनं लेप जिवाणूला धरतो, त्याच ओढीनं तो खाली प्लास्टिकलाही धरून बसतो. मला यातली ही जागा सगळ्यात आवडते. पण भुलू नका. रक्ताचा सामू (pH) ७.४ असतो, म्हणजे आम्लधर्मी नसतो, आणि तिथे कायटोसानवरचा बराचसा भार उतरतो. आम्लधर्मी द्रावणात दाखवलेली करामत शरीरात तशीच चालेल, असं धरून चालता येत नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी पाहायच्या असतील, तर पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत जा. तिथली साधी पॉलिस्टायरीनची बशी नुसती ट्रीट केलेली असते. लेप काही नाही, तरी बऱ्याच जातींच्या पेशी तिच्यावर छान बसतात. नाजूक, नखरेल पेशींसाठी मात्र वर कोलॅजन किंवा जिलेटिन लावलेली बशी लागते. तिथे दुसऱ्या बशीऐवजी पहिली देऊन चालत नाही.

दोघांची दुखणीही वेगळी. लेप घासून, सुटून, विरघळून जातो. पापुद्रा निघाला तर तो जाणार कुठे, हा प्रश्न शरीराच्या आत गंभीर होतो. ट्रीटमेंटला पापुद्राच नाही. ती हळूहळू मावळते. प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या वळतात, ऑक्सिजनवाले गट आत दडतात, आत मिसळलेली ॲडिटिव्हज, म्हणजे जोडरसायनं, वर येतात आणि काही दिवसांत किंवा महिन्यांत पृष्ठभाग पुन्हा पाण्याला पाठ फिरवतो. सिलिकोनमध्ये तर हे फारच लवकर होतं. उष्णतेनं वेग वाढतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर गेला असताना पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या रोलचं काय होतं, ते आम्ही डाइन पेननं मोजलेलं आहे. म्हणून ट्रीट केलं की लगेच लेप द्यावा. लेप बसला की खालचे गट त्याच्याशी गुंतून राहतात.

‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दलही थोडं. रक्त गोठू नये म्हणून हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्यांना आतून हेपारिनचा लेप देतात. हेपारिन मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून मिळवतात. नैसर्गिकच की! पण २००७-०८मध्ये इंजेक्शनच्या हेपारिनमध्ये अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या दुसऱ्याच रसायनाची भेसळ निघाली आणि अमेरिकेत रुग्ण दगावले. शिवाय हेपारिन जंतू मारत नाही, त्याचं काम गुठळी रोखण्याचं. कायटोसानची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. उलट, पाण्यात भिजवलं की बुळबुळीत होणाऱ्या कॅथेटरचा, म्हणजे शरीरात घालायच्या बारीक नळीचा, लेप बहुधा पॉलिव्हिनिल पायरोलिडोनचा, म्हणजे पूर्ण कृत्रिम असतो, आणि तो आपलं काम चोख करतो.

निर्जंतुकीकरणात बऱ्याच लेपांची खरी परीक्षा होते. १२१ अंशांची वाफ पॉलिप्रॉपिलीन सोसतं, पण जिलेटिनचा लेप त्यात विरघळू शकतो. गॅमा किरणांची मात्रा बहुतेकदा २५ किलोग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) असते. तेवढ्यात कायटोसानच्या साखळ्या तुटतात. इथिलीन ऑक्साइड वायू वाफेपेक्षा कमी तापमानाला काम करतो, पण नंतर तो मालातून निघून जाईपर्यंत थांबावं लागतं.

बहिणीनं पॅकेटचा फोटो पाठवला होता. त्यावर ट्रीटमेंटचा उल्लेख ठळक होता. लेपाचं नाव कुठेच नव्हतं. मी तिला लिहिलं, “यात नवसागर आहे, कथील दिसत नाही. लेप आहे का, असला तर कशाचा, आणि लेप दिल्यावर निर्जंतुक कसं केलं, एवढं विक्रेत्याला विचार.” तिचं उत्तर आलं, “त्याला नवसागर म्हणजे काय तेच माहीत नसणार, दादा.”