व्हिडिओ रूपांतर व संपीडन

व्हिडिओ रूपांतर व संपीडन : कॅमेऱ्यातून आलेले हाय डेफिनिशन चित्रण टीव्ही, डीव्हीडी, मोबाइल, इंटरनेट किंवा चित्रपटगृह यांपैकी जिथे दाखवायचे असेल तिथल्या यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात आणणे म्हणजे रूपांतर, ते करताना फाइलचा आकार घटवणे म्हणजे संपीडन. नागपुरातल्या लग्नकार्याच्या शूटिंगच्या धंद्यात दोन्हींना मिळून ‘कन्व्हर्ट करणे’ एवढेच म्हणतात. हे काम जिथे होते ते दुकान ‘मिक्सिंग’चे. व्हिडिओ मिक्सर, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांची चित्रे एकत्र करणारे यंत्र, टेबलावरून जाऊन बराच काळ लोटला, पण त्याचा शब्द राहिला.

संपीडनाची गरज साध्या हिशेबाने कळते. १९२० × १०८० या आकाराच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला तीन बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ६.२ एमबीची होते. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे सुमारे १५५ एमबी आणि तासाला सुमारे ५६० जीबी. हळद, सीमांतपूजन, लग्न आणि रिसेप्शन असे दोन कॅमेऱ्यांचे आठ-दहा तासांचे चित्रण अशा कच्च्या रूपात ठेवायचे तर दुकानात हार्ड डिस्कशिवाय काही मावायचे नाही. म्हणून कॅमेराच चित्र दाबून लिहितो. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत सेकंदाला कमाल २४ मेगाबिट (आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे तासाला ११ जीबीच्या आत काम भागे. दुकानात येणारे ‘ओरिजिनल’ हे असे आधीच दाबलेले असते. ते पुन्हा दाबले की आधीच्या नुकसानीवर नव्या नुकसानीची भर पडते. पुढचे बहुतेक दोष इथूनच सुरू होतात.

दाबण्याची तत्त्वे दोन. पहिले एकाच फ्रेमच्या आतले. चित्राचे लहान चौकोन करून प्रत्येक चौकोनातला उजेड-अंधाराचा चढउतार लहरींच्या भाषेत मांडतात आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक लहरी गाळतात. यामागचे गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. तिघेही मूळचे भारतीय. रंगाच्या बाबतीत डोळा आणखी ढिला असतो, त्यामुळे रंगाची माहिती उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मी केली तरी सहसा कोणी तक्रार करत नाही. अपवाद लाल रंगाचा. स्टेजवर मागे लाल एलईडीत वधूवरांची नावे लिहिली असतील तर अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात, आणि त्याला बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या चित्रणावर खर्च होणारे बिट, वाढवणे हा उपाय नाही.

दुसरे तत्त्व फ्रेम आणि फ्रेम यांच्यामधले. शेजारच्या दोन फ्रेममध्ये बहुतेक चित्र तेच असते. म्हणून अधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण लिहायची आणि मधल्या फ्रेमसाठी ‘हा चौकोन इथून तिथे सरकला’ एवढीच नोंद ठेवायची. तिपाईवरच्या कॅमेऱ्याने टिपलेला दीक्षाभूमीचा स्तूप या हिशेबात फार स्वस्त पडतो. फक्त घुमटामागच्या आकाशात निळ्या छटांचे पट्टे उमटू नयेत हे पाहावे लागते. याच्या उलट मारबतीची मिरवणूक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा गर्दी, बडगे (सोबतचे पुतळे), उडणारा रंग आणि धक्के खाणारा कॅमेरा असे सगळे एकदम हलत असते. मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखणे जमत नाही आणि बिटरेट अपुरा असला की चित्राचे चौकोन दिसू लागतात. बोलीभाषेत यालाच ‘फाटणे’ म्हणतात.

लग्नात हीच परीक्षा अक्षता घेतात. भटजी ‘सावधान’ म्हणतात आणि शेकडो दाणे एकदम हवेत जातात. प्रत्येक दाण्याची वाट वेगळी, वरून फोटोग्राफरचे फ्लॅश. बिटरेट स्थिर ठेवलेला असेल तर तासभर स्वच्छ दिसणारे चित्र नेमके अंतरपाट दूर होताना फाटते, आणि घरचे लोक रिवाइंड करून पाहतात तो क्षण हाच. यावर जुना आणि भरवशाचा उपाय दोन फेऱ्यांच्या एन्कोडिंगचा, म्हणजे दाबून लिहिण्याचा, आहे. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर अवघड जागा हेरते, दुसऱ्या फेरीत जेवणाच्या पंगतीचे वाचवलेले बिट अक्षतांवर खर्च करते. वेळ जवळपास दुप्पट लागतो, म्हणून घाईच्या सीझनमध्ये पहिला बळी याच जादा फेरीचा जातो.

दाबण्या-उलगडण्याच्या ठरलेल्या रीतीला कोडेक म्हणतात. डीव्हीडीची एमपेग-२, २००३ मधली एच.२६४, २०१३ मधली एच.२६५ आणि २०१८ मधली एव्ही१ या त्यातल्या मुख्य. एमपी४, एमओव्ही, एमटीएस ही मात्र डब्यांची नावे आहेत. आत भाजी कोणती ते डब्यावरून कळत नाही. फाइलचे नाव बदलून एमटीएसची एमपी४ केल्याने काहीच बदलत नाही. आतला माल योग्य असेल तर तो जसाच्या तसा दुसऱ्या डब्यात हलवता येतो. एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने हे काम काही मिनिटांत आणि कणभरही नुकसान न होता होते. तरीही अनेक ठिकाणी अशा फाइलचे पुन्हा पूर्ण एन्कोडिंग केले जाते. हा शुद्ध अपव्यय होय.

डीव्हीडी मागे पडल्यापासून ग्राहकाच्या हाती पेनड्राइव्ह जातो. दोन दिवसांनी तोच ग्राहक परत येतो : “दादा, हे टीव्हीवर लागूनच नाही राहिलं.” अशा वेळी एक प्रश्न पुरतो : आवाज येतो का? “आवाज येऊन राहिला, चित्र नाही” असे उत्तर आले तर फाइल बहुधा एच.२६५ किंवा दहा-बिटची (रंगछटा आठऐवजी दहा बिटांत लिहिलेली) आहे आणि टीव्ही जुना आहे. चित्र दिसते पण आवाज नाही, तर ध्वनीचा कोडेक टीव्हीला कळत नाही. यादीत फाइलच दिसत नसेल तर डबा किंवा पेनड्राइव्हचे फॉरमॅटिंग तपासावे. जुने टीव्ही अनेकदा फॅट३२ हेच फॉरमॅटिंग वाचतात आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. सेकंदाला ८ मेगाबिटने सुमारे ७० मिनिटांत ही मर्यादा गाठली जाते, म्हणून तीन तासांच्या लग्नाचे तीन भाग करावे लागतात. भाग कुठे तोडायचा हे संगणकावर सोडू नये. मंगलाष्टकांच्या मध्ये तुकडा पडलेले लग्न घरात कायम बोलले जाते. सर्वांत कमी तक्रारी येणारी निवड म्हणजे आठ-बिट एच.२६४, लेव्हल (यंत्रावर पडणाऱ्या भाराची पातळी) ४.१, ध्वनी एएसी, डबा एमपी४.

डीव्हीडी मागणारे आजही असतात. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवले तर आवाजासह सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट मिळतात, तीन तासांना साडेतीनच. चित्र ७२० × ५७६ पर्यंत लहान करताना दोन गोष्टी हुकतात. मूळ इंटरलेस्ड असेल, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत (फील्ड) लिहिलेली असेल, तर आधी फील्ड सोडवून मग आकार घटवावा लागतो, नाहीतर चालणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्याचे दात येतात. एचडी (हाय डेफिनिशन) आणि एसडी (डीव्हीडीचे जुने लहान चित्र) यांची रंगाची गणितेही वेगळी, अनुक्रमे रेक.७०९ आणि रेक.६०१ या मानकांची. ते बदलायचे राहिले तर हळदीचा पिवळा आणि हिरवा चुडा ओळखू येतात, पण आपले वाटत नाहीत.

यूट्यूब १०८०च्या २५-३० फ्रेमच्या चित्रणासाठी सेकंदाला ८ मेगाबिट सुचवते. पण तिथे फाइल पुन्हा दाबली जाणारच असल्याने जास्त बिटरेटने चढवणे शहाणपणाचे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेले चित्रण दाबले जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेले तसेच पोहोचते. चित्रपटगृहाचे डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) हे वेगळेच जग आहे : प्रत्येक फ्रेम जेपेग २००० मध्ये स्वतंत्र दाबलेली, बिटरेटची मर्यादा सेकंदाला २५० मेगाबिट. मिक्सिंगच्या दुकानाचा त्याच्याशी क्वचितच संबंध येतो.

नातेवाइकांच्या मोबाइलमधले तुकडे जोडताना फ्रेमचा वेग आडवा येतो. मोबाइल बहुधा तीसच्या आसपास आणि तोही कमीजास्त होणाऱ्या वेगाने लिहितो, तर संपादनाची टाइमलाइन पंचवीसची. आधी स्थिर वेगात आणले नाही तर वरातीतल्या बँडचा आवाज दहा मिनिटांत चित्राच्या पुढेमागे होतो.

वेगवेगळ्या मागण्यांसाठी एकातून दुसरी फाइल काढत न जाता संपादनातून एकच हलके दाबलेले मास्टर काढावे आणि प्रत्येक आवृत्ती त्यातूनच बनवावी. प्रोरेस ४२२ या संपादनाच्या कोडेकमध्ये १०८०, २५ फ्रेमला सेकंदाला सुमारे १२२ मेगाबिट, म्हणजे तासाला ५५ जीबी लागतात. पेनड्राइव्हच्या फाइलमधून रील, रीलमधून स्टेटस अशी उतरंड लावली की तिसऱ्या पायरीवर नवरीच्या चेहऱ्याचा मेण होतो.

नागपुरात लग्नाचा सीझन आणि ४५ अंशांचा उन्हाळा एकत्र येतात. एन्कोडिंगमध्ये प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण भाराने चालतो. तो तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि दुपारी सहा तास खाणारे रेंडर (अंतिम फाइल काढणे) रात्री लवकर उरकते. कुलरची ओलसर हवा थेट संगणकावर सोडणे धोक्याचे, म्हणून निदान त्या खोलीत एसी असतो. वीज गेली तर नुकसान वेगळ्याच प्रकारचे होते. एमपी४ची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी लिहिली जाते, त्यामुळे ९९ टक्क्यांवर बंद पडलेली फाइल दहा जीबीची दिसते आणि उघडत नाही. ज्यांच्याकडे चांगला यूपीएस नाही ते आधी एमकेव्ही किंवा टीएस या डब्यांत एन्कोड करतात. ते अर्धवट राहिले तरी तिथपर्यंतचे चालते, आणि काम पुरे झाले की सकाळी डबा बदलून एमपी४ करून देता येते.