वाहनतळ भाडेपट्ट्यावरील हरकती व सूचना (मराठवाडा)

शहराच्या मालकीचा वाहनतळ ठरावीक मुदतीसाठी खासगी ठेकेदाराच्या हवाली करण्याआधी नागरिकांचे म्हणणे मागवणे, ते लेखी नोंदवून घेणे आणि त्यावर सुनावणी देणे, अशी ही प्रक्रिया. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना अशा पाच महानगरपालिका आहेत. उरलेल्या शहरांचा कारभार नगर परिषदा व नगर पंचायती पाहतात. वाहनतळ देण्याचे कायदे या दोन्हींसाठी वेगळे आहेत. लोकांना विचारण्याची सक्ती मात्र दोन्हीकडे अपुरीच आहे.

‘पार्किंग दिले’ असे सरसकट म्हटले जाते, पण त्यात तीन निराळे व्यवहार असतात. वर्षभराचा शुल्कवसुलीचा ठेका, म्हणजे बोलीभाषेतले ‘पे अँड पार्क’, हा पहिला. त्यात जागा पालिकेकडेच राहते आणि ठेकेदार फक्त पावती फाडतो. भाडेपट्ट्यात जागेचा ताबाच जातो. तिसरा प्रकार ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावरचा. त्यात ठेकेदार तळ बांधतो, बहुधा वर दुकाने काढतो आणि दीर्घ मुदतीने जागा परत करतो. या पद्धतीचा संभाजीनगरकरांना परिचित असलेला अनुभव म्हणजे औरंगपुऱ्यातील भाजी मंडईचा वर्षानुवर्षे रखडलेला प्रकल्प. हरकत घेणाऱ्याने आपल्यापुढे यांतला कोणता व्यवहार आहे हे आधी पाहावे, कारण मुदत जितकी लांब तितकी चूक दुरुस्त करणे अवघड. रस्त्याकडेला पांढरे पट्टे मारून केलेल्या जागेचा प्रश्न आणखी वेगळा. रस्ता सार्वजनिक वापरासाठी पालिकेकडे निहित असतो आणि वाहने कुठे उभी करायची हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार ठरते. त्यामुळे तिथे वाहतूक पोलिसांचाही संबंध येतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ७९ नुसार आयुक्त आपल्या अधिकारात स्थावर मालमत्ता एका वेळी जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी भाड्याने देऊ शकतात. त्यापुढे मुदत व रक्कम पाहून स्थायी समितीची किंवा सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी चालत नाही. नगर परिषदांना महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मधील कलम ९२ लागू आहे. त्यानुसार तीन वर्षांपर्यंतचा पट्टा परिषदेला देता येतो. मालमत्ता अन्यथा हस्तांतरित करायची तर राज्य शासनाची परवानगी घ्यावी लागते. या दोन्ही कलमांत नागरिकांची सुनावणी घेण्याची अट नाही. लोकांचे मत सभागृहातील नगरसेवक मांडतील, असे कायद्याने गृहीत धरले आहे.

हे गृहीतक मराठवाड्यात काही वर्षे कोलमडून पडले. औरंगाबाद महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तर लातूर, परभणी व नांदेडच्या सभागृहांची २०२२ मध्ये. निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. प्रस्ताव मांडणारे आयुक्त आणि त्याला मंजुरी देणारे प्रशासक ही एकच व्यक्ती. अशा काळात जाहीर सुनावणी ही सौजन्याची बाब राहत नाही. निर्णयावर दुसऱ्या कुणाची नजर पडण्याची ती एकमेव जागा ठरते.

हरकतींचा पक्का कायदेशीर हक्क मिळतो तो जमिनीच्या आरक्षणाबाबत, म्हणजे विकास आराखड्यात ती कशासाठी राखून ठेवायची याबाबत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती मागवाव्या लागतात आणि कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते. मंजूर आराखड्यातील वाहनतळाचे आरक्षण बदलायचे असेल तर कलम ३७ खाली पुन्हा जाहीर सूचना काढावी लागते. संभाजीनगरच्या प्रारूप आराखड्यावर २०२४ मध्ये हजारो हरकती आल्या. लोक उदासीन असतात ही तक्रार त्यामुळे खरी मानता येत नाही. हक्काची वाट असली की लोक अर्ज घेऊन येतात. पण आरक्षण कायम ठेवून तीच जागा नुसती भाडेपट्ट्याने दिली, तर ही वाट बंद असते.

सुनावणीला कोण येते हा प्रश्न या भागात विशेष महत्त्वाचा आहे. तळाशेजारचे दुकानदार आणि घरमालक येतात, कारण सूचना त्यांच्या नजरेस पडते. शुल्क भरणारे पुष्कळदा शहरातले नसतातच. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या रस्त्यांनी तालुक्यातली माणसे दुचाकीवर बाजाराला येतात. शिकवण्यांसाठी आलेली मुले खोल्या करून राहतात. नांदेडला हुजूर साहिबचे आणि तुळजापूरला नवरात्रातले भाविक तर परराज्यांतूनही येतात. स्थानिक वृत्तपत्रातल्या छोट्या जाहीर निवेदनाने यांच्यापैकी कुणालाही काही कळत नाही. म्हणून प्रत्यक्ष तळावर, बसस्थानकावर व आठवडी बाजारात फलक लावणे आणि बाजाराच्या दिवशीच सुनावणी ठेवणे हे खर्चाच्या मानाने फार उपयोगी पडते. तळाच्या कडेने हातगाडे लागत असतील तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालील शहर फेरीवाला समितीचे मतही घ्यायला हवे. या समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात.

वेळ हा दुसरा कळीचा मुद्दा. ई-निविदा उघडल्यानंतर सुनावणी घेतली तर दर, मुदत आणि अटी ठरून गेलेल्या असतात. अमेरिकेतील शिकागो शहराने २००८ मध्ये सुमारे ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी १.१५ अब्ज डॉलरला दिले. प्रस्ताव जाहीर झाल्यापासून काही दिवसांतच नगरसभेची मंजुरी झाली. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला, की हक्काचे मोल सुमारे ९७.४ कोटी डॉलरने कमी धरले गेले. पिट्सबर्गमध्ये असाच ५० वर्षांचा प्रस्ताव आला, तो चर्चेला खुला झाला आणि २०१० मध्ये नगरसभेने फेटाळला. आपल्याकडचे आकडे लहान असले तरी घाईचा धोका तोच आहे.

हरकत परिणामकारक व्हायची तर ती करारनाम्याच्या मसुद्यावर घ्यावी लागते. दर दरवर्षी किती वाढणार, सायकल व दिव्यांगांच्या वाहनांना सूट आहे का, पावतीवर वेळ छापली जाते का, गाडी चोरीला गेली तर जबाबदारी कुणाची, ठेकेदार हप्ता थकवल्यास ताबा कसा परत घेणार, ही कलमे वाचूनच बोलता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणाऱ्या धोरणांची संबंधित माहिती पालिकेने स्वतःहून जाहीर करायची असते. त्यामुळे मसुदा मागण्यात संकोचण्याचे कारण नाही. हरकत लेखी द्यावी, आवक शिक्क्याची पोच घ्यावी आणि सुनावणीत बोललेले इतिवृत्तात आले की नाही ते तपासावे. नुसते तोंडी बोलणे पुढे कुठेही पुरावा म्हणून उभे राहत नाही.

म्हणणे डावलून ठराव झाला तर महानगरपालिकेच्या बाबतीत राज्य शासन १९४९ च्या अधिनियमातील कलम ४५१ खाली तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकते. नगर परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी १९६५ च्या अधिनियमातील कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात. त्यानंतरचा मार्ग म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे रिट याचिका.