विधी स्वयंसेवकांचा गौरव: पुरस्काराला फॉर्म नाही, मग नाव पुढे जातं कसं?

ऑक्टोबर सरत आला की आमच्या तालुक्यात कुणी ना कुणी विचारतंच, "सर, त्या उत्कृष्ट विधी स्वयंसेवकाचा फॉर्म कुठं मिळतो?" असा फॉर्म भरून पुरस्कार मागायचा नसतो, हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. नाव सुचवतं ते मोफत कायदेशीर मदत देणारी तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. आपल्या हातात असतो तो त्याआधीचा अर्ज, म्हणजे लोकांना या मदतीपर्यंत नेणारा स्वयंसेवक होण्याचा. आणि त्यानंतर रोज लिहायची डायरी. या दोन्ही गोष्टी नीट सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, पण लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. म्हणून 9 नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नालसाने, उत्कृष्ट पॅनल वकील (मोफत मदतीसाठी प्राधिकरणाच्या यादीवर असलेले वकील) आणि उत्कृष्ट विधी स्वयंसेवक यांचे पुरस्कार याच दिवसाच्या निमित्ताने दिले आहेत. जिल्ह्याच्या न्यायालयात शाल-श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र देऊन सत्कार होतो तोही बऱ्याचदा याच सुमारास. दिवाळीची सुट्टी आसपास आली की कार्यक्रम मागेपुढे सरकतो, त्याचं मनाला लावून घेऊ नये.

विधी स्वयंसेवक, कार्यालयात सगळे 'पीएलव्ही' (पॅरा लीगल व्हॉलंटिअर) म्हणतात, हा वकील नाही. नालसाची ही योजना 2009 पासून आहे. ज्याला न्यायालयाची पायरी चढायची भीती वाटते त्याला हाताला धरून योग्य टेबलापर्यंत नेणं, हे त्याचं काम. तो कोर्टात उभा राहून बाजू मांडत नाही, वकीलपत्र घेत नाही आणि लोकांकडून एक रुपयाही घेत नाही. नेमून दिलेल्या कामाच्या दिवसाचं मानधन प्राधिकरण देतं. ते पगारासारखं नसतं, त्यामुळे नोकरी समजून येणाऱ्यांनी आधीच विचार करावा.

पात्रतेचा घेर मोठा आहे. शिक्षक (निवृत्तसुद्धा), निवृत्त सरकारी कर्मचारी, ज्येष्ठ नागरिक, अंगणवाडी सेविका, डॉक्टर, समाजकार्याचे विद्यार्थी, बचत गटातल्या महिला, बिगरराजकीय सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते, सगळे चालतात. विधी शाखेचे विद्यार्थीही चालतात, मात्र वकिलीची सनद मिळेपर्यंतच. तुरुंगात दीर्घ शिक्षा भोगणारा, शिकलेला आणि चांगल्या वर्तणुकीचा बंदीसुद्धा तुरुंगातल्या इतर बंद्यांसाठी विधी स्वयंसेवक होऊ शकतो. शिक्षणाची अपेक्षा साधारण दहावीची. निवडीत महिला, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक आणि इतर मागासवर्गीयांना प्राधान्य असतं.

अडतं ते दोन ठिकाणी. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे तो बाद, आणि राजकीय पक्षाचा सक्रिय सदस्यही बाद. दुसरी अट गावात फार गमतीची होते. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, म्हणून "मी कुठल्या पक्षाचा नाही" असं लोक छातीठोकपणे सांगतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर नेत्यासोबतचा फोटो! अर्ज करण्याआधी स्वतःलाच खरं उत्तर द्या. निवड झाल्यावर ही गोष्ट उघड झाली तर ओळखपत्र परत करावं लागतं, आणि तोवर केलेल्या चांगल्या कामावरही बोळा फिरतो.

अर्ज जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे करायचा. सचिव हे न्यायाधीशच असतात आणि प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्ह्याचे प्रमुख न्यायाधीश. जाहिरात जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर आणि नोटीस बोर्डावर लागते. तालुक्याच्या न्यायालयातही प्रत येते. सोबत सहसा आधार कार्ड, दहावीची किंवा त्यापुढची गुणपत्रिका, रहिवासाचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि असल्यास सामाजिक कामाची प्रमाणपत्रं लागतात. आपल्यावर गुन्हा नाही आणि आपण कुठल्या पक्षात नाही, असं स्वयंघोषणापत्र जोडा. काही जिल्हे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात. त्याला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज आधी टाका. अंगणवाडी सेविकांनी आपल्या कार्यालयाचं ना हरकत पत्र घेऊन ठेवलं तर पुढची कटकट वाचते.

मुलाखतीची धास्ती घेऊ नका. मला विचारलेला एक प्रश्न सांगतो: "महिलेला मोफत वकील हवा असेल तर तिचं उत्पन्न कितीच्या आत हवं?" मी ऐटीत म्हणालो, "तीन लाख." चुकलो. कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट नाहीच. महाराष्ट्रातली वार्षिक 3 लाखांची मर्यादा या गटांत न बसणाऱ्यांसाठी आहे. उत्तर चुकलं तरी निवड झाली, पण बरोबर उत्तर मी आजतागायत विसरलेलो नाही. निवडीनंतर प्रशिक्षण, मग ओळखपत्र. नेमणूक सुरुवातीला ठरावीक मुदतीची असते. काम पाहून ती पुढे वाढते.

आता डायरी. स्वयंसेवकाने रोजच्या कामाची डायरी ठेवायची आणि सचिवांची किंवा तालुका समितीच्या अध्यक्षांची तिच्यावर तपासणीची सही घ्यायची, असं योजनेतच आहे. सत्काराच्या वेळी नाव पुढे जातं ते या डायरीच्या जोरावर, आणि इथंच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. एका सहकाऱ्याच्या डायरीत महिनाभर एकच ओळ होती: "गावात जनजागृती केली." माणूस उन्हातान्हात वाड्या पालथ्या घालणारा, पण कागदावर त्यातलं काहीच नाही. शिफारस लिहिणाऱ्याने यातून काय उचलायचं?

तीच नोंद अशी हवी: "शनिवार, 11 ते 2, समाजमंदिर. 14 जण आले. संजय गांधी निराधार योजनेचे 3 अर्ज भरून दिले. एका विधवा महिलेकडे पतीचा मृत्यू दाखला नाही. सोमवारी ग्रामपंचायतीत सोबत जाणार. बांधाचा एक वाद, दोन्ही भाऊ बोलायला तयार, दाखलपूर्व (कोर्टात दावा जाण्याआधीचं) प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवण्यासाठी समितीकडे पाठवला." आणि सोमवारच्या पानावर त्या दाखल्याचं पुढं काय झालं तेही हवं. सुरू केलेलं काम शेवटाला गेलं की नाही, हे त्या दुसऱ्या नोंदीवरून कळतं. लोकअदालतीत तडजोड झाली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही; म्हणून तिथवर नेलेल्या प्रकरणाचा क्रमांक आवर्जून लिहावा.

शिफारशीच्या वेळी कार्यालयाला सही झालेल्या डायरीच्या पानांच्या प्रती, मासिक अहवाल, मोफत वकिलासाठी पाठवलेल्या अर्जांची यादी आणि शिबिरांचे तारखेसह फोटो असा संच तयार मिळाला तर काम सोपं होतं. वर्तमानपत्रातली कात्रणं जोडा, पण त्यांचा गठ्ठा करू नका. जिल्ह्याकडून नाव राज्य प्राधिकरणाकडे जातं आणि तिथून नालसाकडे. वरून नमुना आला असेल तर माहिती त्याच रकान्यांत बसवा. स्वतःची चार पानी जीवनकथा लिहू नका.

एक चूक मात्र अक्षम्य आहे. संच भारदस्त दिसावा म्हणून काही जण पीडितेचं नाव, गाव, कधी फोटोसुद्धा टाकतात. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत पोक्सो कायदाही तितकाच कडक आहे. "अल्पवयीन मुलगी, तालुक्यातील" एवढं पुरे. सत्काराच्या व्यासपीठावर भाषण करतानाही हे ध्यानात ठेवा, कारण समोर तिच्या गावचं कुणीतरी बसलेलं असतं.

वकिलांसाठी वाट वेगळी. त्यांनी प्राधिकरणाच्या पॅनलवर येण्यासाठी अर्ज करायचा, किंवा केंद्राच्या न्याय विभागाच्या 'न्याय बंधू' उपक्रमात विनामूल्य सेवेसाठी नाव नोंदवायचं. विधी विद्यार्थी म्हणून स्वयंसेवक झालेल्यांनी सनद हाती आली की आधी आपलं ओळखपत्र कार्यालयात जमा करावं, डायरीवर शेवटची सही घ्यावी आणि मग पॅनलच्या अटी विचाराव्यात. गोव्यातल्या वाचकांनी गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी, ते स्वतंत्र आहे. आपल्या तालुक्याची समिती नेमकी कुठं बसते हे कळत नसेल तर न्यायालयाच्या आवारात विचारा, नाहीतर 15100 हा टोल-फ्री क्रमांक फिरवा.