मिनामाता करार

पारा व त्याची संयुगे यांच्या प्रदूषणापासून मानवी आरोग्याचे व पर्यावरणाचे रक्षण करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पुढाकाराने झालेला बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार. जपानमधील कुमामोतो येथे १० ऑक्टोबर २०१३ रोजी तो स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला आणि पन्नास देशांच्या मान्यतेनंतर १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला.

मिनामाता हे क्यूशू बेटावरील किनाऱ्याचे गाव. तेथील चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार करताना पारा उत्प्रेरक म्हणून वापरत असे व सांडपाणी समुद्रात सोडत असे. त्यातील मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचे एक विषारी संयुग, माशांत आणि शिंपल्यांत साठत गेला. आधी गावातली मांजरे झोकांड्या खाऊ लागली, त्यांना झटके येऊन ती मरू लागली. मग माणसांचे हातपाय बधिर होणे, बोलणे अडखळणे, नजरेचा आवाका आक्रसणे असे प्रकार दिसू लागले. मे १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. मिथिल पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो; त्यामुळे स्वतः फारशी लक्षणे नसलेल्या आयांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्मली. कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजराला घातले आणि त्याला तोच आजार झाला, परंतु कंपनीने हा निष्कर्ष दडवून ठेवला. पाऱ्याची ही प्रक्रिया १९६८ पर्यंत चालूच राहिली. कराराला या गावाचे नाव देण्यात गौरवापेक्षा कबुलीच अधिक आहे.

पाऱ्याची वाफ हवेत कित्येक महिने टिकते व वाऱ्याबरोबर खंड ओलांडते. म्हणूनच कारखाने नसलेल्या आर्क्टिक प्रदेशातील सागरी प्राण्यांतही पारा सापडतो. एकेका देशाने आपापल्यापुरते कायदे करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ मध्ये पाऱ्याची निर्यात बंद केली. बंधनकारक करार करण्याचे २००९ मध्ये नैरोबीत ठरले आणि २०१० पासून चाललेल्या वाटाघाटींतून जानेवारी २०१३ मध्ये जिनिव्हात मसुदा पक्का झाला.

पर्याय हाताशी होते तेथे करार कठोर आहे. सदस्य देशाला पाऱ्याची नवी खाण काढता येत नाही आणि जुनी खाण, करार त्या देशाला लागू झाल्यापासून पंधरा वर्षांत बंद करावी लागते. पाऱ्याचे तापमापक, रक्तदाबमापक, अनेक प्रकारच्या बॅटऱ्या व त्वचा उजळवणारी पारायुक्त क्रीम यांच्या उत्पादनासाठी आणि आयात-निर्यातीसाठी २०२० ही मुदत होती, कॉस्टिक सोडा कारखान्यांतील पाऱ्याच्या वापरासाठी २०२५. धार्मिक व पारंपरिक वापराच्या वस्तू आणि लशींत परिरक्षक म्हणून वापरले जाणारे थायोमर्सल यांना मात्र उत्पादनबंदीतून वगळले आहे.

खरी अडचण सोन्याची आहे. २०१५ मध्ये मानवी व्यवहारांतून हवेत सुमारे २,२०० टन पारा गेला. त्यातील सर्वांत मोठा, जवळजवळ ३८ टक्के वाटा छोट्या प्रमाणावरील सोनेखाणींचा होता. खाणकामगार दळलेल्या खनिजात पारा कालवतो, तयार झालेला पारदमेल (पारा व सोने यांचे मिश्रण) फडक्यात घालून पिळतो आणि पारा उडून सोने उरावे म्हणून तो गोळा उघड्यावर तापवतो. हे काम पुष्कळदा घरातच, मुलाबाळांच्या देखत चालते. पोट या धंद्यावर असलेल्यांना बंदी घालून भागणार नाही हे ओळखून करार अशा खाणी असलेल्या देशांकडून केवळ राष्ट्रीय कृती आराखडा मागतो. उघड्यावर किंवा वस्तीत पारदमेल जाळणे बंद करण्याची पावले त्यात असावी लागतात, पण पाऱ्याचा वापर संपवण्याची तारीख कराराने घातलेली नाही. या पळवाटेने पाऱ्याचा चोरटा व्यापार पोसला जातो. कोळशावरील वीजकेंद्रांबाबतही भाषा सौम्यच आहे : नव्या केंद्रांना उपलब्ध सर्वोत्तम तंत्र वापरावे लागते, तर जुन्यांसाठी उपाय निवडण्याची मोकळीक आणि दहा वर्षांचा अवधी आहे.

भारताने ३० सप्टेंबर २०१४ रोजी स्वाक्षरी केली व जून २०१८ मध्ये मान्यता देताना पारायुक्त उत्पादने व प्रक्रिया यांसाठी २०२५ पर्यंतची सवलत घेतली. त्याआधीच, २००१ मध्ये, तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील तापमापकांचा कारखाना पारामिश्रित काचेचा कचरा भंगारात गेल्याचे उघड झाल्यावर बंद पडला होता. तेथील दूषित मातीच्या शुद्धीकरणाचा आणि कामगारांच्या भरपाईचा वाद पुढे अनेक वर्षे चालला.